पापण्यांनी वेचायचं मीठ

मिनिआपोलिसमधला आमचा पहिला हिवाळा. दोन दिवस छान ऊन पडलं होतं आणि फुटपाथ कोरडा झाला होता. शेजारच्या आजी वाकून झाडूनं सुपडीत काहीतरी भरत होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर मिठाचे खडे. बर्फ गेल्यावर उरलेलं मीठ त्या पुन्हा डब्यात टाकत होत्या. मला सांगलीची माझी आजी आठवली. घरात मीठ सांडलं की ती म्हणायची, "आधी वेच ते. नाहीतर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागेल." लहानपणी त्या वाक्याची नुसती भीती वाटायची. त्याचा अर्थ मला या गावात कळला.

इथे हिमवर्षाव थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ मोकळा करावा लागतो. आई-बाबा भारतातून आले होते, त्यांचा पाय घसरू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. फावड्यानं वरवरचा बर्फ सारायचा आणि खाली चिकटलेल्या थरावर मुठीमुठीनं मीठ टाकायचं, हा माझा नेम झाला. मग जानेवारीत एका सकाळी पारा उणे २० सेल्सिअसवर गेला. त्या दिवशी टाकलेले खडे संध्याकाळपर्यंत बर्फावर जसेच्या तसे होते.

मीठ बर्फाला ऊब देत नाही. बर्फावरून पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि परत चिकटत असतात. शून्य अंशाला ही ये-जा बरोबरीत असते. वरच्या पातळ ओलाव्यात मीठ विरघळलं की परत चिकटणारे रेणू कमी होतात, सुटणारे सुटतच राहतात, म्हणून शून्याखालीही बर्फ वितळतो. पण वितळायला लागणारी उष्णता आसपासहूनच यावी लागते. मे महिन्यात आंब्याचं आइस्क्रीम करताना लाकडी पॉटमध्ये बर्फावर जाडं मीठ घालायचो, तेव्हा ती उष्णता आतल्या दुधातून ओढली जायची आणि दूध घट्ट व्हायचं. फुटपाथवर ती जमिनीतून, उन्हातून, हवेतून येते. साध्या मिठाचं पाणी कितीही खारट केलं तरी उणे २१ अंशांच्या खाली द्रव राहत नाही. प्रत्यक्षात जमीन उणे ९च्या खाली गेली की मिठाचं काम फार मंदावतं.

मग दुसरं काय टाकायचं? विरघळल्यावर किती कण सुटे होतात, यावर बरंचसं ठरतं. मिठाचे दोन होतात, कॅल्शियम क्लोराइडचे तीन. शिवाय ते विरघळताना उष्णता सोडतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही चालतं. साखरेचा रेणू जड आणि तो फुटतही नाही, म्हणून तेवढ्याच वजनात तिचा परिणाम मिठाच्या साधारण बाराव्या हिश्शाइतका. काही ठिकाणी मिठाच्या पाण्यात बीटचा रस मिसळतात. त्यानं मीठ रस्त्याला धरून राहतं आणि कमी लागतं. पण रसातली साखर तळ्यात गेली की जिवाणू तिच्यावर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. वाळू काहीच वितळवत नाही, मात्र पायाला पकड देते. उणे २०च्या सकाळी मी आता वाळूच टाकते.

या गावाच्या नावातच पाणी आहे. डकोटा भाषेत 'म्नी' म्हणजे पाणी. नोकोमिस, हॅरिएट, ब्दे माका स्का ही तळी म्हणजे इथल्या माणसांची उन्हाळ्याची अंगणं. रस्त्यावरचं वितळलेलं पाणी गटारांतून, कसलीही प्रक्रिया न होता, या तळ्यांत आणि मिसिसिपीत जातं. मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं आणि त्यातलं सुमारे ७० टक्के इथल्याच पाण्यात राहतं, असं मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं. मिठातलं क्लोराइड उडून जात नाही, कुजत नाही, माती ते धरून ठेवत नाही. खारं पाणी जड म्हणून तळाशी बसतं. एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी माशांसाठी आणि इतर जलचरांसाठी कायमचं बिघडवतं, असं राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं. एवढ्या तळ्यांतून ते परत काढायचा परवडणारा मार्ग नाही. आजीच्या पापण्या मला इथे आठवतात.

म्हणून थंड मुलखात नव्यानं आलेल्या आपल्या माणसांना कळकळीनं सांगते. बर्फ पायाखाली दबून घट्ट व्हायच्या आत फावडं घ्या, निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. मीठ लागलंच तर हजार चौरस फुटांना चार पौंडांहून कमी पुरतं, आणि कॉफीचा एक मोठा मग भरला की एक पौंड होतो. खड्यांत तीन-तीन इंचांचं अंतर राहू द्या. फार थंडी असेल तेव्हा वाळू पसरा. आणि फुटपाथ कोरडा झाला की उरलेले खडे झाडून डब्यात भरा, पुढच्या बर्फाला उपयोगी पडतात. झाडूनं वेचता येतंय तोवर वेचा. तळ्यात गेलेलं मीठ कुणालाच वेचता येत नाही.