सापळ्यांच्या मुलखात लांडगा आणि बीव्हर

बीव्हर हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा कृंतक प्राणी आहे. पूर्ण वाढ झालेल्या बीव्हरचे वजन साधारण 16 ते 30 किलो भरते. भारतात तो आढळत नाही. ओढ्यात फांद्या, दगड आणि चिखल रचून तो बांध घालतो. बांधामागे तळे साठते आणि त्या तळ्यात त्याचे लाकूड-मातीचे घर उभे राहते, ज्याचे दार पाण्याखाली असते. वनराई बंधाऱ्यासारखाच हा बांधही सतत डागडुजी मागतो. राखणारा मेला की पाणी वाट काढते. एका घरात नर-मादीची जोडी, यंदाची पिल्ले आणि गेल्या वर्षीची पिल्ले असे कुटुंब नांदते. दोन वर्षांची झालेली पिल्ले वसंतात घर सोडतात आणि नव्या ओढ्याच्या, नव्या जोडीदाराच्या शोधात निघतात. लांडगा आणि बीव्हर यांच्या नात्यात या भटक्या पिल्लांना सर्वांत जास्त महत्त्व आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांत यांच्या सीमेवरचा जंगल-सरोवरांचा पट्टा हा जुना सापळ्यांचा मुलूख. बीव्हरच्या आतल्या मऊ लोकरीपासून युरोपात नमद्याच्या टोप्या बनत. 1670 साली स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा व्यापार मुख्यतः या कातड्यांवर उभा राहिला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत खंडाच्या मोठ्या भागातून बीव्हर जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे शिकारीवर निर्बंध आले, अनेक ठिकाणी बीव्हर पुन्हा सोडले गेले आणि तळी परत भरली. ऑन्टॅरिओत सापळेवाल्यांना नोंदणीकृत क्षेत्रे वाटून दिली जातात. अशा क्षेत्राला ट्रॅपलाइन म्हणतात. लांडग्यांवर मात्र बक्षिसे लावून आणि विष घालून दीर्घकाळ हल्ला होत राहिला. अलास्का वगळता अमेरिकेत ते मुख्यतः उत्तर मिनेसोटात तग धरून राहिले आणि 1974 साली त्यांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. दोन्ही प्राणी एकाच जंगलात पुन्हा वाढले, तसे सापळेवाल्यांच्या बोलण्यात एक तक्रार रुजली: लांडगे बीव्हर संपवत आहेत.

या तक्रारीत तथ्य किती, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखकाने या मुलखात सापळेवाल्यांचा हिवाळा आणि लांडग्यांचा उन्हाळा असे दोन्ही ऋतू पाहिले. दोन्ही ऋतूंत बीव्हर मरतो. पण मरणारा बीव्हर, मरणाची जागा आणि त्याचे परिणाम वेगळे असतात.

सापळेवाल्याचे काम तळे गोठल्यावर रंगात येते, कारण थंडीत केस दाट होतात आणि कातड्याला भाव येतो. लेखक ज्या वयस्क सापळेवाल्याबरोबर हिंडला, तो आधी घराच्या माथ्यावरचा बर्फ पाही. आतल्या प्राण्यांच्या उबेने तिथला बर्फ थोडा वितळला असेल, तर घर नांदते आहे असे तो समजे. मग तो गोठलेल्या पृष्ठभागाखाली अडकलेल्या बुडबुड्यांची रांग शोधी. घरापासून फांद्यांच्या अन्नसाठ्यापर्यंतचा बीव्हरचा पोहण्याचा मार्ग त्या रांगेवरून कळतो. तिथे लोखंडी पहारीने भोक पाडून, सुकलेल्या लाकडाला बांधलेला सापळा आणि ॲस्पेनची ताजी फांदी खाली सोडली जाते. वापरात असतो तो बहुधा कॉनिबेअर पद्धतीचा, अंगाभोवती झटक्यात मिटणारा सापळा. फ्रँक कॉनिबेअर या कॅनडातल्या सापळेवाल्याने तो तयार केला आणि 1950 च्या दशकात तो बाजारात आला. घराच्या दारापाशी लावलेल्या मोठ्या सापळ्यात जोडीतले नर-मादी सापडणे सहज शक्य असते. म्हणून जाणता सापळेवाला प्रत्येक घरातून मोजकेच प्राणी घेतो आणि काही तळ्यांना त्या वर्षी हात लावत नाही. कातडे काढल्यावर उरलेले मांस वाया जात नाही. लांडगा, लिंक्स किंवा मार्टेनच्या सापळ्यांना तेच आमिष म्हणून वापरले जाते.

याच काळात लांडग्याला बीव्हर जवळजवळ अप्राप्य असतो. कुटुंब गोठलेल्या तळ्याखाली असते आणि घराची चिखलाने लिंपलेली भिंत दगडासारखी कडक झालेली असते. लांडगे तेव्हा हरिण आणि त्याहून मोठा मूस यांच्या मागे असतात. तळी मोकळी झाली की पारडे फिरते. पाण्यात चपळ असलेला बीव्हर जमिनीवर मंद असतो आणि झाडे तोडायला त्याला काठावर यावेच लागते.

मिनेसोटातील व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात गळ्यात जीपीएस पट्टे असलेल्या लांडग्यांचा उन्हाळी माग काढला जातो. पट्टा थोड्या थोड्या वेळाने लांडग्याची जागा नोंदवतो. एकाच ठिकाणी बऱ्याच नोंदी जमल्या की संशोधक तिथे पायी जातात. अशा ठिकाणी पोहोचल्यावर दिसते ते फारसे नाट्यमय नसते. दबलेले गवत, केसांचे गोळे, जबड्याचा तुकडा, दातांच्या खुणा असलेली हाडे आणि बीव्हरच्या उग्र वासाच्या कॅस्टर ग्रंथी. कधी यांतले काहीच नसते. तिथे लांडगा नुसता बसून होता. बीव्हरच्या पायवाटेपासून काही हातांवर, आडोशाला, वारा बीव्हरकडून आपल्याकडे येईल अशी बाजू धरून तो तासन्तास थांबतो. बीव्हरची नजर अधू आणि नाक तीक्ष्ण असते, आणि लांडग्याने निवडलेली जागा या दोन्ही गोष्टींचा फायदा घेते. लांडगा पाठलाग करूनच शिकार करतो, हा समज येथील नोंदींनी मोडीत काढला.

संशोधक टॉमस गेबल आणि सहकाऱ्यांचा 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच कामातून उभा राहिला. घर सोडून निघालेला तरुण बीव्हर नव्या ओढ्यावर एकटाच बांध घालू लागतो. तिथे त्याला लांडग्याने मारले, तर डागडुजी थांबते आणि तळे तयार होण्याआधीच पाणी वाहून जाते. जुन्या कुटुंबातला एखादा प्राणी मेला, तर बाकीचे काम चालू ठेवतात आणि तळे टिकते. संशोधकांच्या अंदाजानुसार त्या परिसरात लांडगे दरवर्षी सुमारे 88 तळ्यांच्या निर्मितीवर किंवा पुनर्वसाहतीवर परिणाम करतात. म्हणजे लांडगा बीव्हरांची एकूण संख्या फारशी न घटवताही, पाणी कुठे साठेल आणि कुठे नाही, यात ढवळाढवळ करतो.

संख्येचा प्रश्न वेगळा आहे. व्हॉयेजर्समध्ये लांडग्यांची घनता चांगली आहे आणि बीव्हरही अनेक दशके दाटीने राहत आले आहेत. उद्यानाच्या हद्दीत सापळ्यांना बंदी आहे. तेथील अनुभव सांगतो की केवळ लांडग्यांमुळे बीव्हर संपत नाहीत. जोडी दरवर्षी पिल्ले देते, आणि भटक्या पिल्लांपैकी पुष्कळ पिल्ले लांडगा नसतानाही जागा न मिळाल्याने किंवा इतर कारणांनी मेली असती. पण लांडग्याचा संख्येवर काहीच परिणाम होत नाही, असेही म्हणता येत नाही. सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल बेटावर 1958 पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास चालू आहे. तेथील लांडगे कमी होत होत 2016 पर्यंत दोनच उरले. त्या काळात बीव्हरांच्या वसाहती झपाट्याने वाढल्या. 2018 आणि 2019 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडण्यात आले. बेटावर लांडगा सोडला तर बीव्हरला मोठा शत्रू नाही आणि सापळेही नाहीत, त्यामुळे तिथे हा परिणाम उघड दिसतो.

लांडग्याचा प्रभाव आडवळणानेही पोहोचतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 आणि 1996 साली लांडगे पुन्हा सोडले गेले. पुढे एल्क हरणे घटली आणि काही ओढ्यांकाठी वाळुंजाची झुडपे उंच वाढली. वाळुंज हे बीव्हरचे अन्नही आणि बांधाचे सामानही. उद्यानाच्या उत्तर भागात 1996 साली एकच वसाहत होती, 2009 पर्यंत त्या नऊ झाल्या. मात्र उद्यानाबाहेर उत्तरेकडे सोडलेले बीव्हरही या वाढीला कारण आहेत, त्यामुळे सारे श्रेय लांडग्याला देण्याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. उलट, जिथे बीव्हर मुबलक आहेत तिथे लांडग्यांना उन्हाळ्यात हक्काचे अन्न मिळते, आणि त्या जोरावर टिकलेले लांडगे मूस किंवा कॅरिबूवर जास्त ताण आणू शकतात.

सापळे आणि लांडगे एकत्र आले की हिशेब असा मांडावा लागतो. हिवाळ्यात सापळेवाल्याने रिकामे केलेले तळे पुन्हा भरते ते वसंतात आलेल्या भटक्या पिल्लांनी. उन्हाळ्यात लांडगा नेमकी हीच पिल्ले टिपतो. म्हणून लांडग्यांच्या मुलखात पूर्ण उपसलेले तळे उशिरा वसते, आणि सापळेवाल्याला ते लांडग्याने रिकामे केल्यासारखे वाटते. जिथे प्रत्येक घरात एक जोडी राखली जाते, तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. कातड्यांचे भाव पडले की सापळे कमी होतात, बीव्हर वाढतात आणि मग रस्ते व शेते बुडाल्याच्या तक्रारी येतात. या चढउतारातही लांडग्याचा हात नसतो.

म्हणून सापळेवाल्यांची तक्रार अर्धीच खरी आहे. या मुलखात बीव्हरची संख्या मुख्यतः अन्न, पाणी आणि सापळ्यांचे प्रमाण यांवर ठरते. लांडगा मुख्यतः नव्या तळ्यांची जागा ठरवतो. शिकारीची मर्यादा ठरवताना शरद ऋतूत विमानातून दिसणारे अन्नसाठे मोजण्याची पद्धत यासाठीच उपयोगी आहे. साठा असलेले प्रत्येक तळे म्हणजे नांदते घर. ही मोजणी सलग काही वर्षे केल्याशिवाय घटीचा दोष लांडग्याच्या माथी मारू नये.