कोसबाडच्या टेकडीवरील अक्षरें

मुंबईहून गुजराथेकडे जाणाऱ्या गाडीनें डहाणू वा घोलवड येथें उतरलें, कीं एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास चिकूच्या वाड्या व त्यांच्या पलीकडे वारली वस्तीचे डोंगर, असा देखावा दिसतो. प्रवासी बहुधा बोर्डीच्या किनाऱ्यासाठीं येतात. आम्ही मात्र गेलों तें कोसबाडची टेकडी पाहावयास. जन्मभर मुलांच्या हातीं पाटी-पेन्सिल देणाऱ्या मास्तरास यापरतें दुसरें क्षेत्र कोणतें?

भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह ज्यांनीं बालशिक्षणाचा पाया घातला, त्या ताराबाई मोडक १९४५ सालीं बोर्डीस आल्या. शहरांतील सुखवस्तु मुलांचीं बालमंदिरें चालू लागलीं होतीं. खेड्यांतील दरिद्री मुलांस तेंच शिक्षण कसें द्यावें, हा त्यांचा प्रश्न होता. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ येथें त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढें दहा-बारा वर्षांनीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आलें. ताराबाई १९७३ सालीं गेल्या; अनुताईंनीं १९९२ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, तें सोडलें नाहीं.

आतां मूळ मुद्दा. माँटेसोरीबाईंच्या पद्धतींत खरबरीत कागदाचीं अक्षरें कापून गुळगुळीत फळीवर चिकटवितात. मूल त्यांवरून, लिहितांना हात जसा वळावा त्याच दिशेनें, बोटें फिरवितें व तोंडानें ध्वनि उच्चारितें. म्हणजे हात, कान व डोळा एकदमच शिकतात, आणि लेखन वाचनाच्या आधीं येतें. आमच्या जुन्या पंतोजींची धूळपाटी तरी याहून निराळी काय होती? फळीवर धूळ पसरून बोटानें अक्षर काढावयाचें. फरक एवढाच, कीं पंतोजींपाशीं छडी होती, व ती हाताआधीं मनास शिकवी!

परंतु साहित्य महाग. ताराबाईंनीं त्यावर उपाय काढला तो रानांतला: चिंचोके, शिंपले, खडे, पानें, बिया. चिंचोके ओळीनें मांडतां मांडतां मोजणी येते, आणि खड्यांची वेलांटी लावतां लावतां बोटांस वळण लागतें. आमचे कित्ताप्रिय व्यवसायबंधु यास खेळ म्हणतील. तो खेळच आहे, आणि ज्या बोटांस खडा नीट धरतां येत नाहीं त्यांच्या हातीं टाक देण्यांत अर्थ नाहीं.

तरीही मुलें येत ना. कोणी गुरें राखी, कोणी धाकटें भावंड सांभाळी. तेव्हां शाळाच त्यांच्याकडे निघाली. पाड्यावरच्या अंगणांत भरली ती अंगणवाडी आणि गुरांमागें गेली ती कुरणशाळा. १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला, हें आज पुष्कळांस ठाऊकही नसतें.

वारल्यांच्या घराच्या भिंती पाहून आम्हांस एक गोष्ट विशेष वाटली. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेलीं तीं चित्रें! वर्तुळ, त्रिकोण, चौकोन व सरळ रेघ, एवढ्यांवर सारा संसार उभा राहतो. आपण मुलांस ‘ग म भ न’ शिकवितों तें तरी कां? उभा काना तोच, गांठ तेवढी बदलते. ज्या घरांत रेषा पिढ्यान् पिढ्या नांदते, त्या घरांतील मुलास ‘अक्षरशत्रु’ म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. त्याची अडचण हाताची नव्हे, भाषेची. पुस्तकांतील मराठी त्याच्या घरच्या बोलीहून निराळी. म्हणून वाचावयास द्यावयाचा पहिला शब्द त्याच्या तोंडचा असावा, असें आमचें मत आहे. ‘छत्री’पेक्षां, जिच्याखालीं तो पावसांत उभा राहतो ती इरली त्याला लवकर वाचतां येईल.

उतरतांना वाटेवर एक सातआठ वर्षांची मुलगी भावास कडेवर घेऊन उभी होती. आम्हीं काठीनें धुळींत आमचें नांव लिहिलें. तिनें तें अक्षरागणिक बोट ठेवून वाचलें, जोडाक्षरापाशीं अडली, पुन्हां मागें येऊन वाचलें. मग पायानें तें पुसून तेथेंच आपलें नांव काढलें. शिरोरेघ तिनें सर्वांत शेवटीं दिली, ती एका दमांत, सरळ. भाऊ तेवढा वेळ कडेवरच होता.