लेकीसाठी विद्यापीठ शोधताना

मुलगी बारावीला गेली की घरात सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. कोणी नर्सिंग सांगतो, कोणी इंजिनिअरिंग, कोणी बँकेच्या परीक्षा. आमच्या धाकट्या लेकीने मात्र एका रात्री जेवताना शांतपणे सांगितले, "मला जपानी भाषा नि साहित्य घेऊन बी.ए. करायचं आहे." आमचा घास हातातच राहिला.

तसे पाहिले तर आम्हा नागपूरकरांना जपान परका नाही. भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचे, पण त्यांचे आयुष्य आपल्या नागपुरात गेले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानी बांधवांच्या साहाय्याने उभे राहिले. लेक लहानपणी आजीचे बोट धरून तिथे जायची. जपानी पाहुणे हात जोडून हसायचे, हीही हसायची, पण बोलता काहीच यायचे नाही. ती रुखरुख तिच्या मनात राहिली असावी. पुढे तिने एक पुस्तक मिळवून अक्षरे गिरवायला सुरुवात केली. एकदा आजीला म्हणून दाखवत होती, "आ, इ, उ, ए, ओ, का, कि, कु, के, को." आजी म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली बाराखडी!" आजीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. भारतातून चीनमार्गे जपानात जे बौद्ध ग्रंथ गेले, त्यांच्यासोबत सिद्धम् लिपी गेली. ती शिकलेल्या भिक्षूंमुळे जपानी अक्षरांचा क्रम आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर लागला, असे जाणकार सांगतात. वाक्याची ठेवणही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. अवघड आहे ती चिनी चित्रलिपी. नित्याच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली अशी २१३६ चिन्हे आहेत.

मुलीची हौस खरी आहे हे पटले. पण शिकवायचे कुठे? आम्ही दोघे नोकरीची रजा शिल्लक ठेवून होतो. ठरवले, की आधी डोळ्यांनी पाहायचे, मग निर्णय घ्यायचा.

पहिला मुक्काम पुण्याला, तिच्या आत्याकडे. महाराष्ट्रात जपानी शिकायची तर पुणे, असे सगळेच सांगत होते. तिथे जपानी कंपन्यांना दुभाषे लागतात, त्यामुळे गल्लोगल्ली वर्ग आहेत. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इमारतीत आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची बी.ए. करता येते. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान पाहिले. जपानच्या ओकायामा शहरातील प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर ते केलेले आहे. आत्याचे म्हणणे, "वहिनी, इथं ठेवा. घरचं जेवण मिळेल, जेएलपीटीची परीक्षा देईल, कंपनीत लागेल." या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी नि एन-१ सर्वांत कठीण. सल्ला शहाणपणाचा होता. लेक मात्र गप्प होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, कंपनीची पत्रं भाषांतर करायला मी तयार आहे. पण तेवढंच करायला नाही."

हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठातही ही पदवी आहे. त्याची माहितीपत्रके मागवून ठेवली नि आम्ही निघालो शांतिनिकेतनला. हावड्याहून बोलपूर सुमारे दीडशे किलोमीटर. स्टेशनबाहेर टोटोत बसलो तो सगळीकडे लाल माती, सालाची झाडे, झाडांखाली भरणारे शाळेचे वर्ग. मन प्रसन्न झाले. पण आमचा घोळ झाला होता. आम्ही पोहोचलो बुधवारी, आणि रवींद्रनाथांच्या काळापासून तिथे बुधवार हा उपासनेचा नि सुटीचा दिवस! चूक आमचीच, आधी विचारायला हवे होते. मुक्काम वाढला, पैसेही वाढले.

पण त्यामुळे गाव पायी पाहता आले. इथले जपानशी नाते फार जुने. १९०५ साली सानो नावाचे जपानी शिक्षक जुजुत्सू शिकवायला इथे आले होते. रवींद्रनाथ स्वतः १९१६ साली जपानला गेले, नंतरही गेले. निप्पोन भवन मात्र अलीकडचे, १९९४ सालचे. वर्ग उघडल्यावर तिथल्या एका प्राध्यापिकांनी आम्हाला बसवून घेतले. लेकीला विचारले, "इथे कोणी घाई करत नाही. तुला घाई आहे का?" लेक हसली. आम्हाला मात्र घाई होती, कारण घरात एकच पक्का पगार आणि मोठ्याचे शिक्षण अजून चालू.

शेवटी दिल्ली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ अरवलीच्या खडकांत वसलेले आहे. सहाशे पंधरा नंबरच्या बसने आत शिरलो तो बाभळी, मोर आणि भिंतींवरची चित्रे. वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. गोदावरी, तापी, कोयना, चंद्रभागा ही नावे वाचून परक्या मुलखात माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. नऊ मजली ग्रंथालयावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. त्याच्यासमोर लेक बराच वेळ मान वर करून उभी होती.

तिथे जपानी शिकणारी लातूरकडची एक मुलगी भेटली. चहा घेता घेता तिने सर्व नीट सांगितले. प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो, जपानी आधी आलेच पाहिजे असे नाही, पहिल्या अक्षरापासून शिकवतात. केंद्रीय विद्यापीठ असल्याने राखीव जागा आहेत, फी आटोक्यात आहे. जपान सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, जपानी हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ती जपानात सुमारे एक वर्ष शिकायला नेते.

आम्ही विचारले, "आणि साहित्य? ते वाचून काय मिळतं?"

तिने पिशवीतून एक लहानसे पुस्तक काढले. शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाइ' ही १९०६ सालची कादंबरी. म्हणाली, "काकू, जपानातही अस्पृश्य होते. कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे. १८७१ साली सरकारनं कायद्यानं भेद मिटवला, पण माणसांच्या मनातून गेला नाही. यातला नायक मास्तर आहे. बापानं बजावलेलं असतं, काही झालं तरी जन्म कुणाला सांगू नकोस. शेवटी तो वर्गातल्या पोरांसमोर गुडघे टेकून खरं सांगतो, माफी मागतो. मला ते माफी मागणं पटत नाही. पण त्याच लोकांनी पुढं १९२२ साली क्योतोत सुइहेइशा नावाची संघटना काढली, ताठ मानेनं."

वाचकहो, आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकलो नाही. लग्नानंतर भाड्याची खोली मिळेना, तेव्हा आम्हीही एका घरमालकाला आडनाव बदलून सांगितले होते. दोन वर्षे त्या घरात आम्ही जपून बोललो, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली नाही. मुलांना हे कधी सांगितले नव्हते. त्या रात्री परतीच्या गाडीत ते लेकीला सांगितले. ती काही बोलली नाही. आईचा हात धरून बसून राहिली.

त्यानंतर साहित्य शिकून काय मिळते, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही.

शांतिनिकेतन नि दिल्ली, दोन्हीकडे अर्ज केला. दिल्लीला नंबर लागला. आज ती दुसऱ्या वर्षात आहे. चित्राक्षरे पाठ करून बोटे दुखतात म्हणते, आणि घरच्या भाजी-भाकरीची आठवण काढते.

आपल्यापैकी कोणाच्या मुलामुलीला ही वाट धरायची असेल तर अनुभवाने इतकेच सांगतो. नुसते विद्यापीठाचे नाव पाहू नका. वसतिगृह मिळते का ते आधी विचारा. शेवटच्या वर्षी मुले मूळ जपानी पुस्तक वाचतात की फक्त संभाषण शिकतात, हे तिथल्या मुलांनाच विचारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पोटाची काळजी असेल तर पुण्याची वाटही चांगली आहे, तिला कमी लेखू नका. आणि निघण्यापूर्वी सुटीचा वार तेवढा बघून घ्या!

जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला. लेकीला एक दिवस तो पाहायचा आहे. त्याआधी तिने एक शब्द दिला आहे. मूळ 'हाकाइ' वाचून झाली, की सुटीत घरी येऊन ती आम्हाला पान-पान मराठीत सांगणार आहे. आजीने आत्ताच बजावून ठेवले आहे, "मी जागी असतानाच सांग गं."