दादरला जाणाऱ्या गोण्या

आळेफाटा, ता. जुन्नर
20 एप्रिल 2025

चि. बाळास,


परवा फोनवर तू विचारलंस, काकूचं दुखणं पुन्हा उलटलंय, पैशाची ओढाताण आहे, तरी कांद्याच्या गोण्या दादरला का पाठवल्या? काकू शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. आज सविस्तर लिहितो.

2014 साली तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा तू शाळेत होतास. काकूचं ऑपरेशन आहे, एवढंच तुला सांगितलं होतं. पुढचं वर्षभर आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात जात-येत होतो. पहाटेची एसटी धरायची, ओतूर, मढ मागे टाकून माळशेज उतरायचा, मुरबाडवरून कल्याण गाठायचं आणि तिथून लोकल. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभं राहिलं आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. एका घरावर आलेल्या दुःखातून लाखो घरांची सोय झाली, हे तिथल्या रांगेत उभं राहिलं की समजतं.

केमो तीन-तीन आठवड्यांनी असे, तोवर कसंबसं निभावलं. पुढे किरणोपचाराचा शेक सुरू झाला. तो आठवड्यातले पाच दिवस, असे कितीतरी आठवडे. रोज घाट उतरून परत चढणं तिला झेपणारं नव्हतं आणि मुंबईत खोली घेणं आपल्याला. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी चिठ्ठी दिली आणि दादर पूर्वेला, संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी मात्र घर बांधलं नाही. दादरच्या धर्मशाळेत दूरदूरच्या रुग्णांना आसरा मिळतो. बिहार, बंगाल, आसामहून आलेली माणसं आमच्याच ओळीत जेवायला बसत. ज्यांना अशी जागा मिळत नाही, ती रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथावर पथारी टाकतात. काकूनं ते रोज येता-जाता पाहिलं.

तिथेच तिला एक बाई भेटली. तिचा आजार दोनदा परतला होता. तरी ती सकाळी उठून लेकीची वेणी घालायची, दुसऱ्यांच्या भाज्या निवडून द्यायची. आजार परतला तरी माणूस आपलं रोजचं जगणं चालू ठेवू शकतो, हे काकूला डॉक्टरांच्या आधी त्या बाईनं दाखवलं. पुढच्या चैत्रात कांदा काढला, तेव्हा बराखीत भरण्याआधी काकूनं स्वतः बसून गोण्या बाजूला काढल्या. एकसारखा, चांगला माल. बारीक गोल्टी एकही नाही. आळेफाट्यावरून रात्री भाजीचे टेम्पो मुंबईला निघतात, त्यातल्या एकानं त्या दादरला पोचवल्या. तेव्हापासून हा नेम चालू आहे.

2021 साली तिची पाठ धरली. आम्हाला वाटलं, खुरपणीनं दुखत असेल. तपासणीत आजार हाडांत गेल्याचं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: छातीतला आजार हाडांत गेला की सहसा मुळासकट जात नाही, पण औषधांनी बरीच वर्षं आवरून धरता येतो. मधुमेहासारखा तो सांभाळत जगायचं. रोजची गोळी आणि ठरल्या वेळी हाडांसाठीचं इंजेक्शन सुरू झालं.

पहिल्या वेळी सगळं घर धावलं होतं. पण असं धावणं काही महिनेच जमतं. दुसऱ्या वेळी कळलं की हा आजार वर्षानुवर्षं राहणार, तेव्हा घराची घडीही तेवढी टिकणारी हवी. म्हणून कामं वाटून घेतली. फाईल, तारखा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं तुझे वडील पाहतात. गाडी तुझा चुलतभाऊ काढतो. तुझी आई रात्री तिच्याजवळ झोपते, म्हणजे मला सकाळी शेतात जाता येतं. कोणी दमलं तर तसं बोलायचं, त्यात लाज नाही, हेही ठरवलंय. तपासणीचा निकाल यायचे दिवस सगळ्यात जड जातात. त्या दिवसांत मी मुद्दाम पाण्याची पाळी धरतो आणि काकू शेंगा फोडत बसते.

यंदा यकृतावर ठिपके दिसले. औषध बदललंय. मीही म्हटलं, या वर्षी गोण्या राहू दे. ती म्हणाली, “मला सगळे देतातच आहेत. मी कोणाला काय देऊ?” त्यावर मी गप्प झालो. आजारी माणसाकडे जो तो काहीतरी घेऊन येतो: फळं, पैसा, धीर, सल्ला. तिच्या वाट्याला फक्त घेणं उरतं आणि त्यानं माणूस आतून खचतो. कांदा निवडताना ती रुग्ण नसते, या घरची मालकीण असते. त्या गोण्यांचे पैसे करून तिला आणखी एखादं औषध आणता आलं असतं, हे खरं आहे. पण तिचा हा देण्याचा अधिकार मी काढून घेणार नाही.

आता तुझ्या वाट्याचं काम. दर रविवारी तिला फोन कर. तब्येत एकदाच विचार, मग तुझं सांग: काय शिजवलंस, कामावर काय अडलं, थंडी किती आहे. काही अडलं तर तिचा सल्ला माग आणि तो मान. मोबाईलवर येणारे काढे आणि हमखास बरे करणारे उपाय तिला पाठवू नकोस. काही वाचलंस तर वडिलांना पाठव, ते डॉक्टरांना विचारतील. आणि सुट्टी साठवून ठेवू नकोस. निरोप आल्यावर विमान पकडण्यापेक्षा ती चालती-बोलती आहे, तोवर या दिवाळीला घरी ये.

तुझा,
काका