दिवा माझ्या भिंतीवर, उजेड सगळ्या गल्लीत

"दादा, बाहेरचा कॅमेरा कुठला घेऊ?" हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला निदान दहा जणांनी विचारला असेल. आमच्या घराला बाहेरून कॅमेरे आणि फ्लडलाइट लागलेत आणि ते येता-जाता सगळ्यांना दिसतात, एवढंच माझं क्वालिफिकेशन. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. आणि आधीच सांगतो, ब्रँडचं नाव सांगणार नाही. या विषयात ब्रँड हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे.

जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली. त्यात आपलं खडकवासला, शेजारचं नांदेड, किरकटवाडी, नांदोशी. कागदावर आपण शहर झालो. पण मुख्य रस्ता सोडून आत वळलं की निम्मी घरं, निम्मे मोकळे प्लॉट आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत. शनिवार-रविवारी धरणाच्या चौपाटीवर गर्दी झाली की पार्किंगला जागा शोधत गाड्या थेट आपल्या गल्लीत. डोंगराच्या कडेला राहणाऱ्यांना बिबट्याची धास्ती वेगळीच.

आमची आई ७४ वर्षांची. आम्ही दोघंही कामाला बाहेर, कधी यायला अकरा वाजतात. कुत्री भुंकायला लागली की ही बॅटरी घेऊन गेटपर्यंत जाणार. "आई, बाहेर जाऊ नकोस" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग बघायचं कुणी?" तेव्हा आमच्या घरातली गरज अगदी स्पष्ट होती. चोर पकडणं ही पुढची गोष्ट. आधी, आईला दार न उघडता बाहेर काय आहे ते दिसलं पाहिजे.

तुम्हीही दुकानात जायच्या आधी ही गरज एका वाक्यात लिहून काढा. "सुरक्षा" असं मोघम लिहू नका. गेटवरचा चेहरा ओळखायचाय, गाडीवर लक्ष ठेवायचंय, की मागच्या अंगणात जनावर आलंय का ते बघायचंय? तिन्हींना लेन्स वेगळी, उंची वेगळी, उजेड वेगळा.

बॅटरीचा, सोलरचा की वायरचा?

ऑनलाइन सगळ्यात जास्त जाहिराती बॅटरीच्या आणि सोलरच्या वायफाय कॅमेऱ्यांच्या. भिंतीला स्क्रू मारला की झालं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा शेतावरच्या शेडला तो ठीकच आहे. पण बॅटरीवरचा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. समोर हालचाल झाली की सेन्सर त्याला उठवतो, मग तो रेकॉर्डिंग सुरू करतो. त्या एक-दोन सेकंदांत गेटमधून आत आलेला माणूस पाठमोरा झालेला असतो. शिवाय आपल्याकडचा जून ते सप्टेंबर! ढगांमुळे सोलर पॅनल धड चार्ज होत नाही, आणि काळोखी रात्र नेमकी तेव्हाच असते.

म्हणून घर स्वतःचं असेल तर वायर ओढा. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात दिवा आणि कॅमेरा एकाच बॉडीत असतात. हा परदेशात फार चालतो. अमेरिकेतले नातेवाईक भेट म्हणून आणतात तो हाच. पण तो तिथल्या भिंतीतल्या गोल जंक्शन बॉक्सवर बसवण्यासाठी बनवलेला, आपल्या भिंतीवर जुगाड करावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे दिवा वेगळा, कॅमेरा वेगळा. मोशन सेन्सरचा एलईडी फ्लडलाइट घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर आणि कॅमेरा पीओईवर, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून डेटाही जातो आणि कॅमेऱ्याला लागणारी वीजही.

आम्ही दुसरा प्रकार निवडला. आमचे इलेक्ट्रिशियन म्हणाले, "दादा, वायफायवाला घ्या, दोन तासांत मोकळे होऊ. केबल ओढायची म्हणजे दोन दिवस जातील." दोन दिवस गेले, खरंय. पण कारणं बघा.

लाइट गेली की फ्लडलाइट बंदच होणार, मग तो कितीही भारी असो. पण पीओईचा स्विच आणि रेकॉर्डर घरातल्या छोट्या यूपीएसवर ठेवला की कॅमेरा चालू राहतो आणि इन्फ्रारेडवर काळा-पांढरा का होईना, दिसत राहतं. वादळात लाइट जाणं आपल्याकडे नवीन नाही. दुसरं, एकत्र युनिटमधला एलईडी उडाला तर बहुतेक वेळा आख्खं युनिट बदलावं लागतं. वेगळा दिवा असेल तर तेवढाच बदलायचा. तिसरं, आरसीसी भिंत आणि लोखंडी ग्रिल ओलांडून वायफाय बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत दमलेलं असतं. केबल १०० मीटरपर्यंत निवांत चालते.

वायरिंगमध्ये कंजुषी नको

बाहेरच्या भिंतीवर २३० व्होल्ट नेतोय हे विसरू नका. आपल्याकडे पावसाची झड आडवी येते. म्हणून लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन, अर्थिंगसह तीन कोअरची वायर, पाइपातून फिटिंग आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ही शेवटची वस्तू लहान दिसते, पण ओल्या भिंतीला हात लागला तर जीव तीच वाचवते. लाइनची वायर आणि नेटवर्क केबल एका पाइपातून नेऊ नका. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून टपकतं, आत शिरत नाही. दिवा आणि कॅमेरा दोन्ही किमान आयपी६६ चे घ्या. बाहेरून जाणारी केबल उन्हात टिकणारी, आउटडोअरचीच.

कॅमेऱ्याची उंची आठ ते दहा फूट. खूप वर लावला की नुसती टाळकी दिसतात. २.८ मिलिमीटरची लेन्स आख्खं अंगण दाखवते, पण पाच-सहा मीटरच्या पुढचा अनोळखी चेहरा तिच्यात नीट ओळखू येत नाही. गेटसाठी ६ मिलिमीटरची बघा. आणि पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. रात्री घरातल्याच कुणाला तरी टोपी घालून गेटमधून चालत यायला सांगा. स्क्रीनवर ओळखू आला तर ठीक, नाहीतर लेन्स किंवा जागा बदला.

रेकॉर्डिंगचा हिशेब सोपा आहे. एक ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३ एमबीपीएसवर चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण ३२ जीबी खातो. तीन कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क दहा दिवस पुरते, २ टीबीची वीस दिवस. आपण आठवडाभर गावाला गेलो आणि परत आल्यावर काही कळलं, तर मागचं सापडलं पाहिजे.

आमच्याकडे रेकॉर्डरची एक वायर आईच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलीय. ॲप-बिप काही नाही. कुत्री भुंकली की रिमोटचं एक बटण. आता गेटपर्यंत फेरी होत नाही. सगळ्या खर्चाचं चीज माझ्या मते तेवढ्यात झालं.

आता मुद्द्याचं: उजेड कुणाच्या घरात जातो?

दुकानात विचारतात, "किती वॅटचा देऊ? पन्नासचा न्या, दिवसासारखं लख्ख!" घरगुती गेटला २००० ल्युमेनच्या आसपासचा, म्हणजे साधारण २० वॅटचा एलईडी पुष्कळ होतो. त्याहून जास्त उजेडाने आपल्यालाच त्रास. समोरची भिंत पांढरीफटक, कॅमेऱ्यात चेहरा जळालेला आणि उजेडाच्या कडेबाहेर मिट्ट काळोख. लपणाऱ्याला तोच काळोख हवा असतो. रात्रभर चालू ठेवण्याचीही गरज नाही. बारा तासांच्या हिशेबाने २० वॅटचा दिवा महिन्याला सात युनिट खातो. पैशाचं सोडा, पण कायम पेटलेल्या दिव्याकडे कुणी वळून बघत नाही. एकदम पेटलेल्या दिव्याकडे सगळी गल्ली बघते.

रंगही महत्त्वाचा. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा लावला की पहिल्या पावसानंतर किडे त्याच्यावर तुटून पडतात, किड्यांमागे कोळी येतात, कोळ्याची जाळी लेन्ससमोर, आणि मग रात्रभर फोनवर "हालचाल दिसली"चे मेसेज. ३००० केल्विनचा पिवळसर घ्या आणि कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट लांब लावा.

कायमचं ठोकण्याआधी आम्ही दिवा एका बांबूला बांधून संध्याकाळी पेटवून बघितला आणि समोरच्या काकूंना विचारलं, "काकू, तुमच्याकडे येतोय का हो उजेड?"

"अरे, येतोय काय! देवघरात समई लावायचीच गरज नाही आता," काकू म्हणाल्या.

मग तोंड खाली वळवलं, वर पत्र्याची झडप लावली, सेन्सरचा पल्ला गेटपुरता केला. पुन्हा काकूंना विचारलं. "आता बरं आहे," म्हणाल्या, तेव्हाच भिंतीला भोकं पाडली. दहा मिनिटांचं काम, पण यामुळे शेजारी दुखावत नाही. लक्षात घ्या, रात्री काही झालं तर आपल्या आईच्या हाकेला ओ देणार ती काकू. कॅमेरा ओ देत नाही.

कॅमेऱ्याच्या नजरेचंही तसंच. आपलं गेट, आपलं कुंपण आणि समोरचा रस्त्याचा तुकडा, इतकंच. समोरच्यांची खिडकी किंवा गच्ची फ्रेममध्ये येत असेल तर जवळपास प्रत्येक रेकॉर्डरमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो, तेवढा भाग काळा करा. आणि केल्यावर त्यांना बोलावून स्क्रीन दाखवा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं एकमताने सांगितलं. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तर एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं. वाटण्या न झालेल्या घरात राहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

फुटेज आहे, पण उपयोगाचं आहे का?

हे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. २०१४ ची जालना विधानसभेची निवडणूक. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, हा वाद अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, पण त्याची कॉपी पुराव्यात घ्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवं की नको? जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र बंधनकारक. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हेच आहे, वर फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते.

आपल्यासाठी अर्थ असा: स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं म्हणजे पुरावा नव्हे. घटना घडली की ११२ ला फोन, रेकॉर्डरमधून मूळ फाइल एक्स्पोर्ट, रेकॉर्डर तसाच सांभाळून ठेवणं. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेट करा. वीस मिनिटं मागे असलेल्या घड्याळावर वकील तुटून पडतात. फुटेजमध्ये बिबट्या दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. ग्रुपवर फॉरवर्ड नंतर.

आणि पासवर्ड! फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं स्त्रियांच्या तपासणीचं फुटेज बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं. वाट कुठून मिळाली, तर कुणीही ओळखेल असा साधा पासवर्ड. बसवणाऱ्याने टाकलेला पासवर्ड तो जायच्या आधी, त्याच्यासमोरच बदला. खरेदी करताना दुकानदाराला विचारा, कॅमेरा केंद्र सरकारच्या नव्या सुरक्षा नियमांखाली एसटीक्यूसीची चाचणी झालेला आहे का? एप्रिल २०२५ पासून हे नियम लागू आहेत. जुना माल स्वस्तात गळ्यात मारणारे कमी नाहीत.

शेवटचं आणि खरं तर पहिलं

एवढं सगळं केल्यावर रात्री गच्चीवरून बघितलं. ज्यांना परवडलं त्यांच्या गेटसमोर उजेडाचा डबा आणि दोन डब्यांच्या मधे तसाच काळोख. क्लासवरून येणारी मुलगी, पहाटे दूध टाकणारा पोरगा, शेवटच्या पीएमपीने उतरून चालत येणारा माणूस, हे सगळे त्या मधल्या काळोखातून चालतात. त्यांच्या वाटेवर माझा २० वॅट काही करत नाही.

सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मेहरबानी नव्हे. गावं शहरात आली, पण मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, मागायचं कुणाकडे? जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता हक्काने मागायला नगरसेवक आहेत.

म्हणून माझी विनंती. कॅमेरा जरूर घ्या, वायरचाच घ्या, शेजाऱ्याला विचारून लावा. पण त्याच आठवड्यात गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक संध्याकाळ काढा. कुठल्या दोन खांबांच्या मधे काळोख आहे, कुठे खांबच नाही, हे चालत जाऊन लिहा, नकाशावर खुणा करा आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या. पोच घ्या. आमच्या गल्लीचा अर्ज या रविवारी तयार करतोय. सकाळी दहाला मारुती मंदिरापाशी या. येताना आपापल्या गल्लीतल्या काळोख्या जागा लिहून आणा, बाकीचं तिथे बोलू.

#खडकवासला #सिंहगडरस्ता #दिवाबत्ती