खारीची गोधडी

मुलांनो, तुमच्या घराच्या आसपास खारी आहेत का? असणारच! भल्या सकाळी भिंतीवरून चिर्रर्र चिर्रर्र असा आवाज येतो, शेपटीला झटके देत कुणीतरी सुळकन झाडावर पळतं, तीच ती. गोष्टीच्या पुस्तकातली खारूताई फार गोड असते. पण ज्यांच्या परसात पेरूचं झाड आहे, त्यांना विचारा. ते म्हणतील, “ताई कसली, डोक्याला ताप आहे नुसता!”

आमच्याकडेही हा ताप होता. आमचं गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या जवळ. कौलारू घर, पुढे पडवी, मागे परसू. परसात एक आंबा, दोन पेरू, एक पपई आणि आज्जीची भाजीची चार वाफ्यांची बाग. मी आता सांगणार आहे ती गोष्ट १९९४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीतली. मी पाचवीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो आणि घरात माझ्याइतकं रिकामटेकडं दुसरं कुणी नव्हतं.

त्या वर्षी खारींनी नुसता उच्छाद मांडला होता. आज्जीने भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या की निम्म्या गायब. भोपळ्याचं बी पेरलं की दुसऱ्या दिवशी तिथे नुसतं भोक. पपई वरून पिवळीधमक आणि मागून पोखरलेली! मी दगड मारायचो. पण खारीला दगड मारणं म्हणजे वाऱ्याला मारण्यासारखंच. ती खोडाच्या पलीकडल्या बाजूला जाते आणि तिथून डोकं काढून आपल्यालाच ओरडते.

आज्जी मात्र त्यांना फारसं बोलायची नाही. “आरं, रामाची लाडकी हाय ती. सेतू बांधताना वाळूचा कण कण वाहिला, म्हणून द्येवानं पाठीवर बोटं फिरवली,” असं म्हणायची. ही गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. मी एकदा तिला अडवलं. “आज्जी, पण काही खारींच्या पाठीवर पाच पट्टे असतात. मग?” आज्जी म्हणाली, “तिच्यावर जास्त माया आसंल. सगळीच बोटं फिरवली!” पुढे मोठा झाल्यावर कळलं, की तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा या दोन वेगळ्या जातीच आहेत, आणि आपल्याकडे दोन्ही दिसतात.

तर त्या मे महिन्यात आत्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. येणाऱ्या बाळासाठी आज्जी गोधडी शिवत होती. तिची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी तिने त्यासाठी काढली होती. वरच्या बाजूला हिरवं लुगडं, आत जुन्या कापडाचे थर, आणि त्यावर बारीक बारीक टाके. दुपारी जेवणं झाली की ती पडवीत बसायची आणि आत्या शेजारी बसून तिला दोरा ओवून द्यायची.

एक दिवस पाहतो तर काय, गोधडीचा एक कोपरा कुरतडलेला! हिरव्या कापडाचा चांगला वीतभर तुकडाच नाहीसा झाला होता. आज्जी गप्प बसली. आत्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. त्याच संध्याकाळी माळ्यावरचा दिवा लागेना. आबांनी वर चढून पाहिलं, तर वायरचं वरचं आवरण सोलून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. माळ्यावर पावसाळ्यासाठी सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या. आबा खाली उतरले ते गंभीर चेहऱ्यानेच. “एक ठिणगी पडली असती, तर घर राहिलं नसतं,” ते म्हणाले.

खारी वायर का कुरतडतात, ठाऊक आहे? त्यांना काही वायर आवडते म्हणून नव्हे. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. काहीतरी कुरतडून ते झिजवले नाहीत, तर वाढत जाऊन तिला खाताच येणार नाही. म्हणून लाकूड, कवच्या, प्लॅस्टिक, पाइप, जे मिळेल ते ती कुरतडते. पण हे तेव्हा मला कुठलं ठाऊक! मी ठरवलं, बस्स झालं. आता या खारीचा बंदोबस्त मीच करणार.

आमच्याकडे उंदराचा पिंजरा होता. त्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवला आणि कुणाला न सांगता पिंजरा माळ्यावर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला खट् असा आवाज आला. धावत वर गेलो. आत खार! पिंजऱ्याच्या तारांवर ती धडका देत होती. तिचं नाक थोडं सोललं होतं. मला जरा वाईट वाटलं. पण त्याहून जास्त वाटला तो अभिमान! पिंजऱ्यावर पोतं टाकलं, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि निघालो. मुळा नदीवरचा पूल ओलांडून पुढे तीनेक किलोमीटरवर एक मोठा उंबर होता. तिथे पिंजऱ्याचं दार उघडलं. खार बाहेर पडली, क्षणभर थांबली आणि उंबरावर दिसेनाशी झाली.

घरी येऊन मी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं. आबा म्हणाले, “मारली नाहीस ना? मग ठीक.” मलाही तसंच वाटत होतं. मारलं नाही, विष घातलं नाही, छान मोठ्या झाडावर नेऊन सोडली. यात वाईट ते काय?

रात्री जेवणं झाल्यावर सगळे पडवीत झोपलो होतो. आत्याला झोप लागत नव्हती. तिने मला हलवलं. “ऐक रे, वर काहीतरी वाजतंय.” मी कान दिला. माळ्यावरून अगदी बारीक, सुईच्या टोकासारखा आवाज येत होता. चीं... चीं... चीं...

आबांनी कंदील घेतला आणि आम्ही दोघं वर गेलो. गोवऱ्यांच्या मागे, वाशाच्या बेचक्यात एक घरटं होतं. वाळकं गवत, सुतळीचे धागे, कापूस आणि मधोमध आज्जीच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या. त्या चिंध्यांमध्ये तीन पिल्लं होती. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, माझ्या करंगळीएवढी. आईला शोधत ती एकमेकांवर चढत होती.

मुलांनो, मला अजून आठवतं, माझ्या पोटात खड्डा पडला. आज्जी खालूनच म्हणाली, “ती बी लेकरासाठी गोधडीच शिवत होती की रं.” ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पहाटे फटफटायच्या आत आबांनी मला सायकलवर बसवलं आणि आम्ही त्या उंबराकडे गेलो. सूर्य वर येईपर्यंत पिंजरा उघडा ठेवून बसलो. खारी दिसल्या, पण दुसऱ्याच. त्या आपापसात ओरडत होत्या, पाठलाग करत होत्या. आमची खार त्यांत नव्हती. असती, तरी मी ओळखली असती का? नाक सोललेली एकही दिसली नाही एवढं खरं.

घरी आत्याने टोपलीत कापूस घालून पिल्लांना चुलीजवळ उबेला ठेवलं होतं. कापसाच्या वातीने ती त्यांना गाईचं दूध पाजायचा प्रयत्न करत होती. दोन पिल्लं त्याच दिवशी गेली. तिसरं तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. मी त्यांना पेरूच्या झाडाखाली पुरलं. त्यानंतर आठवड्याभरात आत्याला मुलगा झाला. घरात पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण माळ्याकडे बघायचं टाळत होतो.

पुढच्या वर्षी पुन्हा एक खार माळ्यावर ये-जा करू लागली. या वेळी आबा म्हणाले, “आधी नुसतं बघायचं.” दोन दिवस आम्ही नुसतं बघितलं. ती तोंडात कापूस घेऊन जाताना दिसली. म्हणजे घरटं करत होती. मग आबांनी वायर लोखंडी पाइपातून घेतली, कापडं आणि बियाणं झाकणाच्या डब्यात ठेवलं आणि खारीला तिच्या वाटेने जाऊ दिलं. मध्यंतरी पाऊस सुरू झाला. जुलैचा महिना संपता संपता एका उघडिपीला तीन छोट्या खारी कौलांवर आईच्या मागे पळताना दिसल्या. पुढे त्या सगळ्या बाहेर राहू लागल्या. आणखी काही दिवस वाट पाहून, सगळ्या बाहेर गेल्याची दिवसाउजेडी खात्री करून, आबांनी वर घरटं रिकामं असल्याचं पाहिलं आणि सरकलेलं कौल नीट बसवलं. वाशांमधल्या फटीला बारीक पण जाड तारेची जाळी ठोकली. दिवसाच का? तर खारी दिवसा हिंडतात आणि रात्री घरट्यात झोपतात. रात्री फट बुजवली, तर त्या आतच कोंडल्या जातील.

मग आंब्याची जी फांदी कौलांवर आली होती, ती चांगली मागे छाटली. खारीची उडी आपल्याला वाटते त्याहून बरीच लांब असते, हातभर अंतर सोडून भागत नाही. एका पेरूच्या खोडाला तेलाच्या डब्याचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, माझ्या छातीच्या उंचीवर, दोन फूट रुंद. खारीची नखं पत्र्यावर टिकेनात. ती घसरून खाली यायची आणि पुन्हा वर बघायची! दुसरा पेरू आंब्याला खेटून होता, तिथे पत्र्याचा काही उपयोग नव्हता. आज्जी म्हणाली, “ऱ्हाऊ दे. त्यो तिचा.” तिने सुतळीचे तुकडे आणि थोडा कापूसही त्या पेरूच्या बेचक्यात ठेवला. पुन्हा कधी गोधडी कुरतडली गेली नाही.

आता मी जे पुढे शिकलो, ते तुम्हाला आणि तुमच्या आईबाबांनाही सांगतो. खार पकडून लांब सोडणं दयाळूपणाचं वाटतं, पण ते तसं नसतं. नव्या जागी तिला खाणं कुठे आहे, लपायचं कुठे, हे ठाऊक नसतं, आणि तिथल्या खारी तिला हाकलतात. घरी तिची पिल्लं असली, तर ती मरतात. विष तर मुळीच घालू नये. विष खाल्लेली खार किंवा उंदीर मग मांजर खातं, घुबड खातं, आणि तेही मरतं. घरटं सापडलं, तर ते शक्यतो हलवू नका. पिल्लू खाली पडलेलं दिसलं, तर लांब उभं राहून आईची वाट पाहा. पुष्कळदा ती येऊन तोंडात धरून घेऊन जाते. आई आलीच नाही, तर पिल्लाला कापडात गुंडाळून उबेत ठेवा, पण गाईचं दूध पाजू नका, ते त्याला सोसत नाही. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि एक गंमत. आपल्याकडच्या पट्टेरी खारी १८९८ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात नेल्या होत्या. तिथल्या मोकळ्या झाडांवर त्यांची वस्ती झाली आणि त्या परक्या मुलखात त्या उपद्रवी ठरल्या. आपल्या परसात मात्र त्यांच्यावर नजर ठेवायला शिक्रा आहे, घुबड आहे, मुंगूस आहे, साप आहे. त्यामुळे त्या आटोक्यात राहतात. पळसाच्या फुलांतला मध प्यायला त्या येतात, तेव्हा त्यांच्या तोंडाला लागलेले परागकण या फुलावरून त्या फुलावर जातात. म्हणजे त्या नुसत्या खाऊन पळत नाहीत!

आमच्याच तालुक्यात, ताम्हिणीच्या जंगलात यांची एक मोठी बहीण राहते. शेकरू! आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस तपकिरी रंग, झुबकेदार लांब शेपूट. ती उंच झाडांवर घरटी बांधते आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. तिला पकडणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे. ताम्हिणीचं जंगल २०१३ साली अभयारण्य झालं. तिला पाहायला जाल, तेव्हा आवाज करू नका, आणि खायला तर मुळीच घालू नका.

आत्याचा मुलगा आता तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. ती गोधडी अजून त्याच्याकडे आहे. कुरतडलेल्या कोपऱ्याला आज्जीने पिवळ्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. गेल्या दिवाळीत त्याच्या छोट्या मुलीने मला विचारलं, “काका, इथे काय झालं होतं?” मी तिला मांडीवर घेतलं आणि हीच गोष्ट सांगितली. शेवट न बदलता सांगितली.

तुमच्या घराच्या माळ्यावर काही खुडबुड होत असेल, तर पिंजरा आणायच्या आधी दोन दिवस नुसतं बघा आणि ऐका. आणि तुमच्याकडच्या खारीला पट्टे तीन आहेत की पाच, हेही मोजा बरं!