सीटखालची वही

कोल्हापूरला चाललेय असं ऑफिसमध्ये सांगून बघा. एक जण तांबड्या-पांढऱ्याची आठवण काढतो, दुसरी चपलेचा नंबर लिहून देते, आणि उरलेले ‘नाद खुळा!’ असं ओरडून आपापल्या कामाला लागतात. उद्यमनगरला जाऊन ये, असं मात्र कुणीच सांगत नाही. मी दोन दिवस तिथेच काढले. रंकाळा बघायचा राहून गेला, पण त्याचं फारसं दुःख नाही.

पुण्याहून हायवेनं साधारण २३० किलोमीटर. गावात शिरण्याआधी शिरोलीची एमआयडीसी लागते, पलीकडे गोकुळ शिरगाव. इथल्या फाउंड्र्यांमधून वाहन उद्योगाला कास्टिंग जातं, म्हणजे तुम्ही हप्त्यांवर घेतलेल्या कारमध्ये थोडंसं कोल्हापूर असू शकतं! शहरातलं शिवाजी उद्यमनगर म्हणजे छोटे छोटे गाळे, लेथची घरघर, दारातच उडणाऱ्या वेल्डिंगच्या ठिणग्या आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा ऑइलचा वास. ‘पार्ट मिळत नाही’ हे वाक्य इथे कुणी मनावर घेत नाही. मिळत नसेल तर बनवतात. सवय जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८ मध्ये याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

गाड्यांचं वेड तर विचारूच नका. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीतले निम्मे सोनं लुटायला आलेले असतात आणि निम्मे गाडी बघायला. पण माझं मत विचाराल तर खरी मजा रिक्षांमध्ये आहे. काचेवर नक्षी, आत हॉटेलच्या सोफ्यासारखं गादीकाम, आरशांची रांग, एलईडीच्या माळा, इवलासा पंखा, स्पीकर, अंबाबाईचा फोटो, मागे तालमीचं नाव. इथे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात आणि तयारी लग्नघरासारखी चालते. मुंबईच्या रिक्षात बसून मीटरकडे बघायची सवय लागलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदा तर पाय पुसून आत बसावंसं वाटलं.

हा सगळा थाट चालतो एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर. आणि कुठली वायर कुठून कुठे गेलीय, हे बहुतेक वेळा एकाच माणसाला ठाऊक असतं. ज्यानं ती टाकली त्याला.

अशाच एका माणसाच्या गाळ्यात मी बसले होते. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग. नाव छापू नका म्हणाले. का, ते पुढे येईल. आपण त्यांना मिस्त्री म्हणू, सगळं उद्यमनगर तेच म्हणतं. रिक्षा, बुलेट, आणि १९९६ साली बनायची बंद झाली तरी इथल्या पोरांच्या डोक्यातून न उतरलेली आरएक्स १००, सगळ्यांची आतडी त्यांना पाठ. गाडी समोर आली की बोनेट उघडण्याआधी ते टेस्ट लॅम्प हातात घेतात, दोन ठिकाणी टोचतात आणि सांगतात, “हिचं अर्थिंग गेलंय.”

सोबत त्यांचा पुतण्या. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वय पंचवीसच्या आसपास, कानाला इअरफोन. गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक मॉडिफाय केलेल्या गाडीची तो एक वही करतो. बारा-पंधरा पानं, वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि ती सीटखाली ठेवून द्यायची. गाडीत मुळात काय होतं, नंतर काय बसवलं, कोणती वायर कुठून निघते, कुठे संपते, कुठला फ्यूज उडाला तर काय काय बंद पडेल. बस्स, एवढंच.

सुरुवात महापुरानं केली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. इथे ४३ फूट म्हणजे धोका, यावरून अंदाज करा. शहराच्या सखल भागांतल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर गाळ्यासमोर रांग लागली. कंपनीच्या वायरिंगचा नकाशा मिळतो, रंग ठरलेले असतात. बाहेरून टाकलेल्या वायरींचं काय? गाळ भरलेली टेप सोलत जायचं, एक-एक वायर हातानं चाचपत. “एका रिक्षाला तीन-तीन दिवस जायचे,” पुतण्या सांगत होता. “आणि ताई, वायर लाल म्हणून धरली, तर फूटभर पुढं ती निळी व्हायची, अन् मागच्या बाजूला हिरवी. काकांनी हाताला लागंल ती जोडलेली!” काका शेजारी बसून निर्विकारपणे बिडी शोधत होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच पाणी, पुन्हा ५५ च्या वर. तेव्हा काही मोजक्या गाड्यांच्या वह्या तयार होत्या. त्या गाड्या लवकर रस्त्यावर आल्या, असं तो म्हणतो. रिक्षावाल्यासाठी गाडी उभी म्हणजे दिवसाची कमाई गेली, हे मी वेगळं सांगायला नको.

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. समजा तुम्ही पुढे ५५ वॅटचे दोन जादा दिवे लावले. ११० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साधारण ९ अँपिअर करंट. एवढा करंट हँडलवरच्या नाजूक स्विचमधून सोडला की आधी स्विच गरम होतो, मग त्याचं प्लॅस्टिक वितळतं. म्हणून मध्ये रिले बसवतात. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरी, ८७ वरून दिव्याला, आणि स्विच फक्त ८५-८६ मधल्या कॉइलला जागं करतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. तो दिव्याच्या रक्षणासाठी असतो असं मला वाटायचं, पण तो असतो वायरसाठी. त्यामुळे फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. आणि रिक्षा सीएनजी किंवा एलपीजीवर चालणारी असेल तर पुढचं मी लिहीत नाही.

वहीतलं एक पान मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. ‘पान ४. जादा दिवे, दोन. बॅटरीच्या प्लसवरून जाड लाल वायर, वीतभर अंतरावर १५ चा फ्यूज. रिले डाव्या बाजूला, हॉर्नच्या वर. अर्थिंग चॅसिसला, रंग खरवडून, थिंबल लावून. दिवे लागत नसतील तर आधी फ्यूज बघा, मग अर्थिंग. रिलेचा टक् असा आवाज येत असेल तर स्विच चांगला आहे, त्याला हात लावू नका.’ मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला सोपं लिहा, सोपं लिहा असं इतक्यांनी सांगितलं. कुणीतरी हे पान वाचायला द्यायला हवं होतं.

पहिली वही त्यानं इंग्रजीत केली होती, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलसारखी. ती ना काकांनी उघडली ना रिक्षावाल्यानं. मग त्यानं गाळ्यात जे शब्द बोलले जातात तेच लिहायला घेतले. हल्ली टेप गुंडाळण्याआधी मोबाइलवर फोटो काढतो, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेपचा आकडा चिकटवतो आणि तोच आकडा वहीत.

मिस्त्रींना हे पटलेलं नाही. त्यांचा मुद्दा साधा आणि खरा आहे. “समदं लिवून दिल्यावर गिऱ्हाईक परत कशाला येतंय? कुठलाबी पोरगा वही बघून काम करंल.” चाळीस वर्षांची कमाई अशी बारा पानांत वाटून टाकायची, हे कुणालाही जड जाईल. पुतण्याचं उत्तर त्यांच्या तोंडावर द्यायचं नव्हतं, म्हणून त्यानं ते मला बाहेर चहाच्या गाड्यावर दिलं. काकांना एका डोळ्यानं आता कमी दिसतं. बारीक वायरीचे रंग ते पोराला विचारून घेतात. ज्या गाड्यांच्या वह्या नाहीत, त्यांचं वायरिंग फक्त काकांच्या डोक्यात आहे, आणि अशा गाड्या गावात किती आहेत हे काकांनाही मोजता येणार नाही.

दुसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आता वही म्हणजे काय? आपण काय काय बदललं याची स्वतःच्या अक्षरातली कबुली! गिऱ्हाइकं बिचकतात ती इथे. मिस्त्री नाव छापू देत नाहीत ते यासाठीच.

मला विचाराल तर वहीची खरी गंमत या अडचणीतच आहे. पुतण्यानं नियम केलाय, जे वहीत लिहायची लाज वाटेल ते बसवायचं नाही. प्रेशर हॉर्न, लाल-निळे चमकणारे दिवे, यांना त्यानं सरळ नाही म्हणायला सुरुवात केली. काही गिऱ्हाइकं शेजारच्या गाळ्यात गेली. काही जण गुरगुरले, पण थांबले. मी असताना एक पोरगा आरएक्स घेऊन आला; त्याला मागे रंगीत फ्लॅशर हवे होते.

“भावा, ही वायर वहीत कुठल्या पानावर लिवू सांग,” पुतण्या म्हणाला.

“वही कशाला? नुसतं बसवून दे की.”

“मग वर्षानं जळल्यावर कुणाला इचारशील?”

पोरगा गाडीवर बसून विचार करत राहिला. आतून मिस्त्री ओरडले, “त्याचा हेडलाइट बघ आधी! आवाज वाढला की उजेड वाढतोय, न्हाईतर काजवा.” (जुन्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो, त्यामुळे गाडी सिग्नलला उभी असली की उजेड मंदावतो.) पुतण्यानं फ्लॅशरचा विषय सोडला आणि हेडलाइटचा उघडला. अर्ध्या तासात पोरगा हेडलाइटचं वायरिंग बदलून घ्यायला तयार झाला होता, वहीसकट.

संध्याकाळी सात वाजता गाळा बंद होताना मिस्त्रींनी मला हाक मारली. “ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय. बसा जरा.” एका रिक्षाच्या मागच्या दिव्यांचा विषय होता. ते डोळे मिटून सांगत होते, बोटं हवेत वायर ओढल्यासारखी हलत होती. पुतण्या कोपऱ्यात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. मी तीन पानं लिहिली. नंतर आम्ही तिघं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोरच पिळली गेली, ग्लासवर फेस, आणि बिल मिस्त्रींनी दिलं.